धन कार्य आणि ऋण कार्य : चिन्ह नेमके काय सांगते?

अकरावीच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. विहिरीतून भरलेली बादली वर ओढताना मी धन कार्य करतो आणि गुरुत्व बल ऋण कार्य करते, असे पुस्तकात दिले आहे. तीच बादली दोरीने सावकाश खाली सोडताना मात्र मीच ऋण कार्य करतो, असे शिक्षक सांगतात. दोन्ही वेळा मी दोरी वरच्याच दिशेने ओढून धरलेली होती आणि दोन्ही वेळा माझेच हात भरून आले. मग एकदा धन आणि एकदा ऋण हे कशावरून ठरले? शिवाय कार्य ही अदिश राशी आहे, तर तिला चिन्ह आले कुठून?

दोन्ही वेळा दोरी वरच्याच दिशेने ओढलेली होती, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे आणि उत्तराची सुरुवात तिथूनच करता येते. कार्याचे चिन्ह बलाची दिशा सांगत नाही आणि विस्थापनाची दिशाही सांगत नाही. बल ज्या वस्तूवर लागले ती वस्तू त्या बलाच्या कलाने सरकली की त्याला न जुमानता उलटीकडे सरकली, एवढेच ते सांगते. बल आणि विस्थापन यांच्यातील कोन काटकोनापेक्षा लहान असेल तर कार्य धन, मोठा असेल तर ऋण आणि नेमका काटकोन असेल तर शून्य, ही व्याख्या तुम्हाला पाठ असेलच; अडचण बहुधा व्याख्येत नसते, ती वापरताना आपण कोणते बल धरले आहे याचा विसर पडण्यात असते.

तुमचीच बादली घेऊ. पाण्यासह तिचे वस्तुमान १० किलोग्रॅम आणि विहिरीची खोली ८ मीटर मानू. गुरुत्व त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग धरले, तर बादलीचे वजन ९८ न्यूटन भरते. ती एकसमान चालीने वर येत असेल, तर दोरीचा ताणही ९८ न्यूटनच असतो. दोरी वर ओढते आहे आणि बादली वर येते आहे, म्हणून दोरीने बादलीवर केलेले कार्य ९८ गुणिले ८, म्हणजे अधिक ७८४ ज्यूल. गुरुत्व बल खाली ओढते आहे आणि बादली वर जाते आहे, म्हणून त्याचे कार्य उणे ७८४ ज्यूल. आता बादली सावकाश खाली सोडा. दोरीचा ताण तेवढाच आणि वरच्याच दिशेने आहे, फक्त बादली उलटीकडे चालली आहे. त्यामुळे दोरीचे कार्य उणे ७८४ ज्यूल आणि गुरुत्वाचे अधिक ७८४ ज्यूल होते. एकाही बलाची दिशा बदललेली नाही, तरी दोन्ही चिन्हे बदलली. वर ओढताना सुरुवातीला बादलीला गती देताना ताण ९८ न्यूटनपेक्षा किंचित जास्त आणि शेवटी थांबवताना किंचित कमी असतो, हे खरे आहे. पण बादली स्थिर अवस्थेतून निघून स्थिर अवस्थेतच पोहोचत असेल, तर संपूर्ण प्रवासातील दोरीच्या कार्याची बेरीज ७८४ ज्यूलच येते.

चिन्हाबाबतचा सर्वांत चिवट गैरसमज इथेच जन्मतो. गतीची उदाहरणे सोडवताना वरची दिशा धन आणि खालची दिशा ऋण असे आपण ठरवून घेतो, आणि मग बल खालच्या दिशेने आहे म्हणजे कार्यही ऋण, असे विद्यार्थी बेधडक लिहून टाकतात. पण तो अक्ष आपण सोयीसाठी निवडलेला असतो. बादली खाली जाताना गुरुत्व बल उणे ९८ न्यूटन आणि विस्थापन उणे ८ मीटर. गुणाकार अधिक ७८४. अक्ष उलटा करून खालची दिशा धन मानली, तर दोन्ही राशी धन होतात आणि गुणाकार पुन्हा अधिक ७८४ येतो. अक्ष कसाही निवडला तरी बल आणि विस्थापन या दोहोंची चिन्हे एकाच वेळी पालटतात, म्हणून गुणाकाराचे चिन्ह अबाधित राहते. वेगाचे किंवा बलाचे चिन्ह तुमच्या निवडीवर अवलंबून असते. कार्याचे चिन्ह तसे नसते.

यातच तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर आहे. अदिश राशीला दिशा नसते, पण चिन्ह असू नये असा काही नियम नाही. लडाखमधील द्रास येथे हिवाळ्यात तापमान शून्याखाली जाते, म्हणून काही तापमान सदिश ठरत नाही. कार्याचे उणे चिन्ह अवकाशातील कोणत्याही दिशेकडे बोट दाखवत नाही. ते पासबुकातील जमा आणि नावे या रकान्यांसारखे असून वस्तूच्या ऊर्जेत भर पडली की घट झाली, एवढेच नोंदवते.

ही नोंद ऊर्जेचीच का, हे एकदा स्वतः मांडून पाहणे आवश्यक आहे, कारण त्याशिवाय चिन्हाचा नियम नुसताच पाठ होतो. वस्तूवर एकूण स्थिर बल लागून ती सरळ रेषेत सरकली, तर बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. आणि गतीच्या तिसऱ्या समीकरणानुसार त्वरण गुणिले विस्थापन म्हणजे अंतिम वेगाचा वर्ग वजा आरंभीच्या वेगाचा वर्ग, भागिले दोन. दोन्ही एकत्र केले की बल गुणिले विस्थापन हे गतिज ऊर्जेतील बदलाएवढे निघते. त्या सूत्रातील अर्धा या गुणकालाही इतिहास आहे. सतराव्या आणि अठराव्या शतकांत वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग ही राशी अर्ध्याशिवायच वापरली जात असे. फ्रेंच अभियंते गास्पार-गुस्ताव्ह कोरिओलिस यांनी १८२९ मध्ये यंत्रांच्या हिशेबासाठी बल आणि अंतर यांच्या गुणाकाराला कार्य हे नाव दिले आणि दोन्ही बाजूंचा ताळा बसावा म्हणून वेगवर्गाच्या त्या राशीला अर्ध्याने गुणले. म्हणजे कार्य ही कल्पना मुळात हिशेब जुळवण्यासाठीच घडवलेली आहे, आणि ज्या हिशेबात वजाबाकी नाही तो जुळणार तरी कसा?

एकूण बलाचे कार्य धन असेल तर वस्तूची चाल वाढते, ऋण असेल तर कमी होते, शून्य असेल तर तेवढीच राहते. मात्र हे विधान एकूण बलाबद्दल आहे, एकेका बलाबद्दल नाही. बादली एकसमान चालीने वर येत असताना दोरीचे कार्य धन असूनही तिची चाल वाढत नाही, कारण गुरुत्वाचे तेवढेच ऋण कार्य त्याच वेळी चालू असते. म्हणून ‘कार्य धन आहे की ऋण?’ हा प्रश्न एवढ्यावर अपुराच राहतो. कोणत्या बलाने, कोणत्या वस्तूवर आणि कोठून कोठपर्यंत, हे तिन्ही तपशील जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही. पुस्तकांत आणि मार्गदर्शकांत धन कार्याची उदाहरणे एका बाजूला आणि ऋण कार्याची दुसऱ्या बाजूला असे कोष्टक दिलेले असते, ते मला नापसंत आहे. ‘घर्षण : ऋण’, ‘गुरुत्व : ऋण’ अशा नोंदी वाचून विद्यार्थी चिन्ह हा बलाचा जन्मजात गुण समजू लागतात.

बादलीवरील एकूण कार्य शून्य असेल, तर आपण खर्च केलेले ७८४ ज्यूल गेले कुठे, असा पुढचा प्रश्न हमखास येतो. ते बादली आणि पृथ्वी यांच्या जोडीत स्थितिज ऊर्जा म्हणून साठले. वर आलेली बादली हातातून सुटली, तर पाण्यापर्यंत पोहोचताना तिची चाल सेकंदाला सुमारे १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर होईल, आणि त्या क्षणी तिची गतिज ऊर्जा बरोबर ७८४ ज्यूल भरेल. सावकाश खाली सोडताना तुम्ही जे ऋण कार्य केले, ते हेच ७८४ ज्यूल वाटेतल्या वाटेत काढून घेण्याचे होते. दोरी तळव्यांतून घसरू दिली तर ते तळव्यांना चटका देऊन दाखवतात. दोरी घट्ट धरून हातांनी एकेक वाव सोडली तर ते स्नायूंत जिरतात.

इथे हिशेबाची एक जागा अशी आहे की तिथे चांगले विद्यार्थीही घसरतात. गुरुत्वाचा परिणाम मांडण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत गुरुत्वाचे कार्य इतर बलांच्या कार्यात मिळवायचे आणि बेरीज गतिज ऊर्जेतील बदलाएवढी ठेवायची. दुसरीत गुरुत्वाचे कार्य मुळीच मोजायचे नाही; त्याऐवजी स्थितिज ऊर्जा धरायची आणि उरलेल्या बलांचे कार्य हे गतिज व स्थितिज अशा एकूण ऊर्जेतील बदलाएवढे ठेवायचे. दोन्ही पद्धती बिनचूक आहेत, पण एकाच उत्तरात दोन्ही वापरल्या की गुरुत्व दोनदा मोजले जाते आणि उत्तर नेमके तेवढ्याने चुकते. उत्तरपत्रिका तपासताना चुकीचे उत्तर आणि बरोबर उत्तर यांतील फरक वस्तुमान, गुरुत्व त्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराएवढा निघाला, तर चूक कुठे झाली हे शोधावे लागत नाही.

घर्षणाकडे थोडे सविस्तर पाहू, कारण ते नेहमी ऋणच कार्य करते हा समज फार दृढ आहे. विमानतळावर सामानाचा सरकता पट्टा असतो. पट्टा सेकंदाला अर्धा मीटर चालीने फिरत आहे आणि तुम्ही २० किलोग्रॅमची बॅग त्यावर अलगद ठेवली. क्षणभर बॅग पट्ट्यावर मागे घसरते आणि मग पट्ट्याच्याच चालीने पुढे जाऊ लागते. तिला पुढे कोणी नेले? तिच्यावर आडव्या दिशेने घर्षणाखेरीज दुसरे बलच नव्हते. घर्षण पुढच्या दिशेने लागले, जमिनीच्या संदर्भात बॅगही पुढेच सरकली, म्हणून घर्षणाने बॅगेवर धन कार्य केले. किती, तर तिच्या गतिज ऊर्जेएवढे, म्हणजे अर्धा गुणिले २० गुणिले ०.२५, बरोबर २.५ ज्यूल. आता तेच घर्षण पट्ट्याच्या बाजूने पाहा. बॅग पट्ट्याला मागे ओढते आणि पट्टा पुढे जातो, म्हणून पट्ट्यावरील कार्य ऋण आहे. पण ते उणे २.५ ज्यूल नाही. बॅग शून्यापासून अर्धा मीटर प्रति सेकंदापर्यंत वेग घेत असताना जेवढे अंतर कापते, त्याच्या दुप्पट अंतर पट्टा तेवढ्याच वेळात कापतो, कारण तो आरंभापासून पूर्ण चालीने धावत असतो. बल तेवढेच, अंतर दुप्पट. म्हणून पट्ट्यावर झालेले कार्य उणे ५ ज्यूल.

क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध असतात, म्हणून त्यांची कार्येही समान आणि विरुद्ध असतील, ही समजूत या एका उदाहरणाने कोसळते. तिसरा नियम बलांबद्दल बोलतो, विस्थापनांबद्दल नाही. पट्ट्याने ५ ज्यूल गमावले, बॅगेला २.५ मिळाले आणि उरलेले २.५ ज्यूल घासलेल्या पृष्ठभागांच्या उष्णतेत गेले. घर्षण कमी असो वा जास्त, बॅग उशिरा वेग घेवो वा लवकर, ही विभागणी अर्धी-अर्धीच राहते, हे स्वतः आकडे बदलून पाहण्याजोगे आहे. घर्षणाच्या जोडीचे एकत्रित कार्य मात्र, पृष्ठभाग एकमेकांवर घसरत असतील तर, नेहमी ऋणच भरते. पाठ्यपुस्तकातील विधानाचा खरा आशय एवढाच आहे. तो एकट्या वस्तूला लावला की चुकतो.

चालताना बुटाच्या तळव्यावर लागणारे घर्षण या दोन्हींहून वेगळे आहे. पाय जमिनीला टेकलेला असताना तो घसरत नाही, म्हणजे ज्या बिंदूवर घर्षण लागते त्या बिंदूचे विस्थापन शून्य असते आणि म्हणून घर्षणाचे कार्यही शून्य असते. शरीराला पुढे नेणारी ऊर्जा स्नायूंची असते. जमीन फक्त टेकू देते.

रेल्वेच्या चाकाचेही तसेच आहे. मुंबई–पुणे मार्गावर कर्जत आणि लोणावळा यांच्यामधील बोरघाटात ३७ मीटरला १ मीटर असा तीव्र चढ आहे आणि चढताना गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात, हे त्या मार्गाने जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. आपल्याला उतार अधिक उपयोगी आहे. १,००० टनांची गाडी या उतारावरून एकसमान चालीने एक किलोमीटर खाली आली, तर ती सुमारे २७ मीटर उतरली. तेवढ्यात गुरुत्वाने तिच्यावर सुमारे २६.५ कोटी ज्यूल, म्हणजे विजेच्या भाषेत ७३ युनिटांच्या आसपास धन कार्य केले. चाल वाढलेली नाही, म्हणजे तेवढेच ऋण कार्य दुसऱ्या कोणीतरी केलेच पाहिजे. त्यात हवेचा आणि इतर किरकोळ रोधांचा वाटा असतो; उरलेले ब्रेकने केले तर ठोकळे आणि चाके तापतात. थ्री-फेज मोटरींच्या आताच्या विद्युत इंजिनांत मात्र उतारावर मोटर जनित्रासारखी चालवता येते: मोटरीतील विद्युतचुंबकीय बल फिरत्या भागावर ऋण कार्य करते आणि काढून घेतलेली ऊर्जा वरच्या तारेत परत जाते, जिथून ती घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीलाही मिळू शकते. चाक रुळावर घसरत नसेल तर स्पर्शबिंदू क्षणभर स्थिर असतो, म्हणून रूळ स्वतः काहीही काढून घेत नाही. ऋण कार्य म्हणजे वाया गेलेले कार्य, हा समज सोडून द्यायला हा घाट पुरेसा आहे.

चंद्रावर उतरण्यासाठी तर ऋण कार्य करणारे बल सोबत न्यावे लागते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे विक्रम हे अवतरक यान उतरू लागले, तेव्हा ते सुमारे ३० किलोमीटर उंचीवर सेकंदाला जवळजवळ १.६८ किलोमीटर वेगाने आडवे जात होते. या वेगाची गतिज ऊर्जा प्रत्येक किलोग्रॅममागे सुमारे १४.१ लाख ज्यूल होते. खाली येताना गुरुत्वाने त्यात भर घातली, पण चंद्राचे गुरुत्व त्वरण १.६२ असल्याने ती किलोग्रॅममागे अवघी ४८ ते ४९ हजार ज्यूल होती. पृथ्वीवर परतणाऱ्या यानाच्या बाबतीत हे ऋण कार्य बहुतांशी हवा करते. चंद्रावर हवा नाही, म्हणून किलोग्रॅममागे सुमारे १४.६ लाख ज्यूलचे ऋण कार्य इंजिनांच्या धक्क्यालाच करावे लागले. इंजिन पूर्ण जोराने पेटलेले आहे, इंधन झपाट्याने जळते आहे, आणि तरीही यानावरील त्याचे कार्य ऋण आहे. इंधन खर्च झाले म्हणजे कार्य धन असलेच पाहिजे, असे म्हणणाऱ्याने हे उदाहरण लक्षात ठेवावे.

शून्य कार्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. वर्तुळाकार कक्षेत गुरुत्व बल वेगाशी काटकोनात असते, म्हणून त्याचे कार्य शून्य आणि चाल स्थिर. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे. जानेवारीच्या सुरुवातीपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत ती सूर्यापासून दूर जात असते, तेव्हा सूर्याचे बल तिच्यावर ऋण कार्य करते आणि तिची चाल सेकंदाला सुमारे ३०.३ किलोमीटरवरून २९.३ वर येते. पुढचे सहा महिने तेच बल धन कार्य करून ती भरून काढते. वर्षाची बेरीज शून्य.

आता तुमच्या हात दुखण्याकडे वळू. भरलेली बादली नुसती धरून उभे राहिले तरी हात दुखतात आणि बादलीवर केलेले कार्य मात्र शून्य असते. याचे कारण असे की स्नायू हा खुंटीसारखा निष्क्रिय आधार नाही; ताण टिकवण्यासाठी त्याच्या तंतूंतील सूक्ष्म दुवे सतत जुळत आणि सुटत राहतात आणि प्रत्येक वेळी रासायनिक ऊर्जा खर्च करतात. त्यामुळे दमणे हे बादलीवरील कार्याचे माप होऊ शकत नाही, चिन्हाचे तर नाहीच.

तरीही शरीराला चिन्हातील फरक जाणवतो, आणि याचा एक सुंदर प्रयोग आहे. १९५२ साली लंडनमध्ये बी. सी. ॲबट, ब्रेंडा बिगलंड आणि जे. एम. रिची यांनी दोन जागच्या जागी चालणाऱ्या सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने नेहमीप्रमाणे पुढे पायडल मारायचे आणि दुसऱ्याने, उलट फिरणाऱ्या आपल्या पायडलवर पाय रोवून, त्याला विरोध करायचा. पायडल दोघांची एकाच चालीने फिरत होती आणि बलही दोघांचे जवळजवळ सारखेच होते. फरक एवढाच की पहिल्याचे पाय बलाच्या दिशेने सरकत होते आणि दुसऱ्याचे बलाविरुद्ध. म्हणजे पहिला पायडलवर धन कार्य करत होता आणि दुसरा ऋण. दोघांनी वापरलेला ऑक्सिजन मोजला, तेव्हा धन कार्य करणाऱ्याचा खर्च कितीतरी पट अधिक निघाला, आणि पायडलची चाल वाढवली तसे हे गुणोत्तरही वाढत गेले. लहान चणीची स्त्री ऋण बाजूला बसून धडधाकट पुरुषाला सहज दमवू शकते, हे प्रेक्षकांसमोर दाखवण्यातही आले होते.

म्हणून बादली वर ओढण्यापेक्षा सावकाश खाली सोडणे सोपे वाटते, जरी दोन्हीकडे ७८४ ज्यूलच आहेत. मात्र ऋण कार्य शरीराला फुकट पडत नाही. सिंहगड पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे ६०० मीटर उंच धरला, तर ६० किलोग्रॅमच्या माणसाच्या मांड्यांना उतरताना जवळजवळ साडेतीन लाख ज्यूलचे ऋण कार्य करावे लागते, आणि ताणले जात असतानाच आवळून धरणाऱ्या स्नायूंना त्यात सूक्ष्म इजा होते. चढताना दम लागतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलतात त्या उतरण्यामुळे. स्नायूंनी काढून घेतलेली ही ऊर्जा उष्णतेत जाते, रेल्वेच्या तारेप्रमाणे ती पुन्हा वापरण्यासाठी परत मिळत नाही.

वर अक्ष बदलल्याने कार्याचे चिन्ह बदलत नाही असे मी लिहिले, पण निरीक्षक बदलला तर ते बदलू शकते, हेही नोंदवले पाहिजे. सेकंदाला २० मीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत उभे राहून तुम्ही १६० ग्रॅमचा चेंडू गाडीच्या मागच्या टोकाकडे सेकंदाला ५ मीटर वेगाने फेकला. गाडीतील माणसाच्या दृष्टीने चेंडू स्थिर होता आणि आता त्याची गतिज ऊर्जा २ ज्यूल आहे. हाताने अधिक २ ज्यूल कार्य केले. फलाटावरील माणसाच्या दृष्टीने चेंडूचा वेग २० वरून १५ वर आला, गतिज ऊर्जा ३२ ज्यूलवरून १८ वर उतरली; हाताने उणे १४ ज्यूल कार्य केले. दोघेही बरोबर आहेत, कारण विस्थापन हे ज्याच्या त्याच्या संदर्भ चौकटीतून मोजले जाते. परीक्षेतील उदाहरणांत वेगळे सांगितले नसेल तर जमीन हीच चौकट धरायची असते.

शेवटी प्रश्नपत्रिकेतील शब्दयोजनेबद्दल. ‘गुरुत्वाविरुद्ध केलेले कार्य’ काढा असे विचारले असेल, तर गुरुत्वाचे कार्य विचारलेले नाही. गुरुत्वाला तोलून धरणाऱ्या बाह्य बलाचे विचारले आहे, आणि वस्तू वर जात असेल तर ते धन येते. ‘गुरुत्वाने केलेले कार्य’ विचारले असेल, तर त्याच प्रवासाचे उत्तर ऋण. बारावीत विद्युत क्षेत्रातील प्रभाराच्या उदाहरणांत हाच पेच ‘क्षेत्राने केलेले’ आणि ‘बाह्य बलाने केलेले’ अशा रूपात परत येतो. स्थितिज ऊर्जेची वाढ नेहमी क्षेत्राच्या कार्याच्या उलट चिन्हाची असते, हे धरून चालले की दोन्हीकडे वाट सापडते.

उष्मागतिकीत तर एकाच विद्यार्थ्याच्या दप्तरात दोन संकेत असतात. भौतिकशास्त्रात कार्य म्हणजे वायूने बाहेर केलेले कार्य असे धरून आंतरिक ऊर्जेतील बदल उष्णता वजा कार्य असा लिहितात. रसायनशास्त्रात कार्य म्हणजे वायूवर केलेले कार्य असे धरून तोच बदल उष्णता अधिक कार्य असा लिहितात. एक लाख पास्कल या स्थिर बाह्य दाबाविरुद्ध वायू २ लिटरने प्रसरण पावला, तर पहिल्या तासाला उत्तर अधिक २०० ज्यूल आणि दुसऱ्या तासाला उणे २०० ज्यूल. दट्ट्या दोन्ही तासांना बाहेरच सरकलेला असतो, आणि उष्णता दिली-घेतली नसेल तर वायूची आंतरिक ऊर्जा दोन्ही हिशेबांत २०० ज्यूलनेच घटते.